माहेरच्या वाटेने

भोकरदन तालुक्यातल्या राजूरचा महागणपती गणपतीच्या साडेतीन पीठांत मोजला जातो. अंगारकी चतुर्थीला गावाकडे येणारे सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतात. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला द्यायची हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे या टापूतल्या कितीतरी संसारांची सुरुवात राजुरेश्वराच्या साक्षीने होते. पण त्यांतले बरेच संसार पुढे इथे नांदत नाहीत. कुणी ऊसतोडीला म्हणून सांगली-कोल्हापूरकडे जाते आणि तिकडेच पाय रोवते, कुणी वाळूजच्या कारखान्यात लागते, कुणी पुण्यात खोली घेते, कुणाची पुढची पिढी परदेशी जाते. दोन-तीन पिढ्या उलटल्या की एखाद्या नातवाला किंवा पणतीला प्रश्न पडतो : ही दोघे नेमकी कुठून आली, त्यांचे लग्न कुठे आणि कधी लागले, त्यांच्या मागे कोण होते? हा शोध घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण नवऱ्याचे आडनाव आणि त्याची जमीन हातात धरून निघतो. माझे म्हणणे असे की गाव सोडून गेलेल्या जोडप्याच्या बाबतीत ही वाट लवकर अडते. बायकोच्या माहेराकडून निघालेला शोध जास्त लांब जातो आणि जास्त भरवशाचा ठरतो. हे मत अनेकांना उलटे वाटेल, म्हणून ते पुराव्यानिशी तपासायला हवे.

आपल्याकडे वंशावळ म्हणजे बाप, बापाचा बाप, त्याचा बाप अशी सरळ रेघ. २०२३ पासून जालना जिल्ह्याने या रेघेचा शोध जितक्या तळमळीने घेतला तितका फार थोड्या ठिकाणी घेतला गेला असेल. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातली दप्तरे बाहेर निघाली, उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिले आहे का, हे पाहायला साधी शेतकरी माणसे तहसीलच्या अभिलेख कक्षापर्यंत पोचली. जातीचा दाखला बापाच्या बाजूने मिळतो, म्हणून तो शोधही बापाच्याच बाजूने चालला. त्या कामापुरते ते योग्यच होते. पण घराण्याचा इतिहास म्हणजे एवढेच, असा समज त्यातून आणखी घट्ट झाला. दाखला मिळवणे आणि इतिहास शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात एक नोंद सापडली की काम संपते. दुसऱ्यात ती नोंद आपल्याच माणसाची आहे की त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आणि हा प्रश्न राजूरसारख्या गावात फार अवघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे एकाच घराचे कागद आधी निजामाच्या, मग मुंबई राज्याच्या, मग महाराष्ट्राच्या दप्तरात, आणि तेही दोन जिल्ह्यांत विभागलेले. १८८० च्या दशकात संस्थानाचा कारभार फारसीतून उर्दूत आला, तर गावपातळीवर मराठी मोडीतून लिहिली जात राहिली. साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती येतो, पण वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एखाद्या वर्षाची चूक सहज होते. हे सगळे ओलांडून आपण खासरा पत्रकापर्यंत किंवा जुन्या फेरफारापर्यंत गेलो, तरी समोर काय येते? मराठवाड्यातल्या जमिनीच्या कागदांत माणसाची ओळख ‘अमुक पि. तमुक’ अशी, म्हणजे फलाण्याचा मुलगा एवढीच. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची आपली पद्धत असल्यामुळे एका पिढीत ‘किसन पि. रामा’, पुढच्या पिढीत ‘रामा पि. किसन’, आणि त्याच्या पुढे पुन्हा ‘किसन पि. रामा’. शेजारच्या भावकीतही तीच नावे, तेच आडनाव. गावात राहिलेल्या कुटुंबाला हा गुंता कळतो, कारण कोणते शेत कुणाचे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. गाव सोडून गेलेल्याच्या नातवाला तो आधारही नसतो.

आता याच कागदांत स्त्री कशी येते ते पाहू. ती कमी वेळा येते, यात शंका नाही. पण येते तेव्हा ‘अमुकबाई भ्र. तमुक’ अशी येते, भ्रताराच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावासह. नवरा वारला आणि मुले लहान असली तर अज्ञान मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, म्हणून तिचे नाव लागते. आणि सगळ्यात मोलाची नोंद तिच्या माहेरच्या गावच्या दप्तरात असते. बाप वारल्यावर वारसांचा फेरफार होतो, त्यात मुलांबरोबर मुलींची नावे लागतात. पुढे बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र करून दिले की त्या दस्तात प्रत्येक बहीण नावाने, नवऱ्याच्या नावाने आणि सासरच्या गावासकट उभी राहते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर, आणि महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा मिळाल्यानंतर, असे दस्त विशेष वाढले. बहिणींनी हक्क सोडला याचे दुःख आपल्या जागी आहेच. पण इतिहास शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्या एका कागदावर बाप, भाऊ, बहीण, तिचा नवरा आणि दोन गावे असा सहा धाग्यांचा गोफ एकत्र मिळतो. ‘किसन पि. रामा’ या नोंदीत धागे दोनच. एका गावात एकाच नावाचे चार-पाच पुरुष सापडतील, पण एकाच नावाचा नवरा, त्याची एकाच नावाची बायको आणि तिचे एकच माहेर असे दुसरे जोडपे सापडणे फार दुर्मीळ. नोंदी किती आहेत यापेक्षा एका नोंदीत किती नाती गुंफली आहेत याला शोधात जास्त किंमत आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भार या मुद्द्यावर आहे.

दुसरे असे की गाव सोडून गेलेल्या जोडप्यातली बाई त्याआधी एकदा गाव सोडून आलेलीच असते. २०११ च्या जनगणनेने देशात ४५ कोटींहून अधिक लोकांना स्थलांतरित म्हणून मोजले. त्यात बायकांच्या स्थलांतराचे सगळ्यात मोठे कारण नोकरी नव्हे, दुष्काळही नव्हे. ते कारण लग्न. नवऱ्यासाठी राजूर सोडणे हा पहिला प्रवास असेल, तिच्यासाठी तो दुसरा आहे. म्हणून तिच्या मागचा माग दुप्पट लांब आहे, आणि वाटेत एक पक्का थांबा आहे. हा थांबा कुठे शोधायचा हेही बरेचसे ठरलेले असते, कारण सोयरिकी मोजक्या गावांत फिरतात. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात दाखवले की महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्नाला पसंती असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की बायकोचे माहेर आणि सासूचे माहेर पुष्कळदा एकच गाव असते. एक माहेर सापडले की दोन पिढ्यांच्या बायका एका फटक्यात सापडण्याची शक्यता निर्माण होते. बापाच्या रेघेवर असा दुहेरी लाभ नाही.

राजूरच्या बाबतीत याला भूगोलाचीही साथ आहे. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांची हद्द बुलढाणा जिल्ह्याला लागते, आणि देऊळगाव राजा, चिखली या बाजूला या भागाच्या सोयरिकी पूर्वापार आहेत. आज ती फक्त जिल्ह्याची हद्द आहे, पण १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला तेव्हा तीच दोन राजवटींमधली सीमा झाली. वऱ्हाडात गावोगाव जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची इंग्रजी शिस्त लागली, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते दप्तर त्यातलेच. त्यात बहुधा बाळाचे नाव नसते. अमक्याला मुलगा झाला किंवा मुलगी झाली, जात, तारीख, एवढेच. म्हणून नुसते आजीचे नाव घेऊन गेले तर काही हाती लागत नाही. पण आजीच्या बापाचे नाव आणि गाव हाती असेल, तर ‘मुलगी’ एवढ्या एका शब्दाच्या नोंदीतून तिची जन्मतारीख निघू शकते. नवऱ्याच्या जन्माचा पुरावा निजामी बाजूला शोधून दमलेल्या कुटुंबाला बायकोचा पुरावा सीमेपलीकडे पंधरा-वीस कोसांवर मिळावा, हे या टापूत शक्य आहे. महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध माहेर, जिजाबाईंचे सिंदखेड राजा, याच बाजूला आहे आणि त्यांचे सासर वेरूळकर भोसल्यांचे. शहाजीराजांच्या घराण्याचा उदय समजून घ्यायचा तर कोणताही इतिहासकार लखुजी जाधवांना वगळून पुढे जात नाही. राजाच्या घराण्याला जो न्याय आपण लावतो तो शेतमजुराच्या घराण्याला लावायला काय हरकत आहे?

हाती असलेल्या साध्या कागदांत या कामाला सगळ्यात उपयोगी कोणता, तर लग्नपत्रिका. मराठवाड्यातली पत्रिका सहसा आटोपशीर नसते. वर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, त्याखाली कुणाचा नातू, कुणाची नात, कुणाचे ज्येष्ठ चिरंजीव, कुणाची द्वितीय कन्या, प्रत्येकाच्या नावासमोर ‘रा.’ लिहून गाव आणि तालुका. मग दोन्ही बाजूंचे मामा, त्यांची गावे. त्यानंतर आपले विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि तळाशी चिमुकल्यांची नावे. वाचणाऱ्याला ही यादी कंटाळवाणी वाटते, पण मामाचे नाव आणि गाव छापले गेले म्हणजे आईचे माहेर छापले गेले. वधूचा मामा म्हणजे तिच्या आईचे माहेर, वराचा मामा म्हणजे त्याच्या आईचे. एका कागदावर चार घराणी मिळतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी ग्रामसेवकापर्यंत आणली, नोंदणीच्या अर्जासोबत पत्रिका जोडण्याचा प्रघात पडला, त्यामुळे जी पत्रिका घरात उरली नाही तिची प्रत ग्रामपंचायतीच्या संचिकेत असू शकते. मुसलमान कुटुंबांचे काम तर याहून सोपे. निकाहनाम्यात वधू-वर, साक्षीदार, मेहरची रक्कम हे सगळे लिहिलेले असते, आणि निजामी मुलखात काझींची दप्तरे नीट ठेवली जात. हिंदू लग्नाला असा कागद लागत नसे. तिथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या कामी येतात. पैठण, त्र्यंबकेश्वर इथे श्राद्ध-तर्पणाला बसणाऱ्याला बाप, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईचे वडील, त्यांचे वडील यांचीही नावे घ्यावी लागतात. त्या वहीत गावाखाली आडनाव आणि आडनावाखाली आलेल्यांची नोंद असते. जो विधी आपण बापाच्या वंशाचा समजतो त्यात आईच्या वंशाला ठरलेली जागा आहे, हे विसरता कामा नये.

इथे पहिला आणि सर्वांत जड आक्षेप येतो. बायकांची नावे कागदावर मुळात असतातच कुठे? लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, कित्येक घरांत तांदळात नवे नाव लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलले जाते. ज्या व्यक्तीचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले तिच्यापासून शोध सुरू करायचा म्हणजे अंधारात चाचपडणे. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयादीत आहे. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी याद्या झाल्या तेव्हा, प्रामुख्याने उत्तर आणि मध्य भारतात, लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. आयोगाने अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून काढून टाकली. पण या कठोर निर्णयाने पुढच्या याद्यांचे रूप बदलले. त्यानंतर प्रत्येक विवाहितेच्या ओळीत तिचे स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, वय आणि घर क्रमांक येऊ लागला. जमीन नसलेल्या, शाळेत न गेलेल्या जोडप्याचीही एकत्र नोंद करणारा हा कागद आहे, आणि दर काही वर्षांनी तो नव्याने झालेला आहे. एखाद्या यादीत जोडपे राजूरला आहे आणि पुढच्या यादीत नाही, तर त्यांनी गाव केव्हा सोडले याचा काळ त्या दोन याद्यांच्या मध्ये पकडता येतो.

नाव बदलण्याचा अडथळाही वाटतो तेवढा अभेद्य नाही, फक्त तो आधी ओळखावा लागतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे परदेशगमन मराठी जगातले सर्वांत गाजलेले. गोपाळरावांशी लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, गोपाळराव मागाहून पोचले, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, आणि १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. अमेरिकेतल्या कागदांत त्या आनंदीबाई आहेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या रक्षेवर उभारलेल्या स्मृतिशिळेवरही तेच नाव. पण कल्याणच्या ज्या घरात त्या वाढल्या तिथे त्या यमुना होत्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले, म्हणून यमुना आणि आनंदी या दोन मुलींची गल्लत कुणी करत नाही. सामान्य आजीला असा चरित्रकार लाभत नाही. तिच्यासाठी ही कामगिरी माहेरची माणसे करतात, कारण सासरच्या नावाने तिला कुणी ओळखत नसले तरी ‘आमची अमुक राजूरला दिली होती’ हे तिच्या भावाच्या घरात पक्के ठाऊक असते. शोध सासरीच सुरू होऊन सासरीच संपला, तर पाळण्यातले नाव कधीच कळत नाही.

मराठी माणसाच्या स्थलांतराचा याहून मोठा आणि जुना दाखला मॉरिशसचा. तिथे २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने आलेल्या ३६ मजुरांपासून गिरमिटाची सुरुवात धरली जाते, आणि पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. तिथल्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला, बाईलाही, स्वतंत्र क्रमांक मिळे; नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव यांची नोंद होई. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जपली आहेत आणि आजही तिथले लोक पूर्वजांचे गाव शोधायला तिथे जातात. पुरुषांच्या बाजूने शोध घेणाऱ्यांना तिथे एक विशिष्ट अडचण येते. पहिल्या पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले, मूळ आडनाव समुद्रापलीकडे राहिले. आडनावावरून मागे जावे तर वाट त्या एका माणसाशी येऊन थांबते. बायकोच्या बाजूला मात्र एक अनपेक्षित मदत आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण तिथला फ्रेंच दिवाणी कायदा तसाच ठेवला. फ्रेंच पद्धतीच्या विवाहनोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आई-बापांची नावे लिहितात आणि स्त्री आपल्या जन्मनावानेच नोंदली जाते. त्यामुळे सरकारी विवाहनोंद सापडली की दोन्ही घराणी एकदम उघडतात. अशी नोंद न करता फक्त धार्मिक विधीने लागलेली लग्ने तिथला कायदा मानत नसे, म्हणून काही जोडप्यांची नोंद लग्नानंतर कित्येक वर्षांनी, मुले मोठी झाल्यावर झालेली दिसते. नोंदीची तारीख ही लग्नाची तारीख समजण्याची चूक इथे टाळायला हवी.

लग्नाचा कागद नसणे हे परमुलखात किती महाग पडू शकते, ते दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी दिसले. केप प्रांतातले न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न लागलेले किंवा तिथे नोंदवले न गेलेले लग्न त्या देशात वैध नाही. एका निकालाने हजारो भारतीय बायका कायद्याच्या दृष्टीने बायका उरल्या नाहीत. कस्तुरबांसह स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या त्याचे तात्कालिक कारण हे होते, आणि १९१४ च्या कायद्याने त्या लग्नांना मान्यता मिळाली. देशात ज्या लग्नाला मांडवातल्या हजार माणसांची साक्ष पुरेशी असते, त्याच लग्नाला गाव सोडल्यावर कागद लागतो. राजूरहून सांगलीला गेलेल्या बाईलाही नवऱ्यामागे विधवा-निवृत्तिवेतन मागताना हाच अनुभव येतो.

दुसरा आक्षेप भूमिहीनांच्या वतीने आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. फेरफार, हक्कसोडपत्र, वह्या हे सगळे जमीन आणि पत असलेल्यांचे कागद. गाव सोडून जातात ते बहुतेक ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही ते. मराठवाड्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जोडी नसेल तर अर्धा कोयता. जोडपे हेच इथे मजुरीचे एकक आहे, म्हणून वरवर पाहता या धंद्यात दोघांची नोंद शेजारी-शेजारी असायला हवी. प्रत्यक्षात उचल नवऱ्याच्या नावावर मिळते, करार मुकादमाशी होतो, कारखान्याच्या पावत्या टोळीच्या किंवा मुकादमाच्या नावाने फाटतात, आणि अर्धे काम करणारी बाई त्या व्यवहारात कुठेच दिसत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशसच्या गोऱ्या मळेवाल्यांना तिच्यावर हुकमत ठेवायची होती म्हणून तिला क्रमांक मिळाला. आपल्याकडे तिची मजुरी नवऱ्यात जमा धरली जाते म्हणून तिला ओळही मिळत नाही. ही गोष्ट लाजिरवाणी आहे आणि ती तशीच म्हणायला हवी. पण म्हणून पुरुषाच्या वाटेने गेल्यास भूमिहीन कुटुंबाचे काही साधते असे नाही, कारण जमीन नसलेल्या पुरुषाचीही रेघ मुळी सुरूच होत नाही. उलट त्याच कुटुंबात मतदारयादी आहे. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या आणि हजेरीपटावर त्यांची नावे लागत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख म्हणून येते. गरिबाच्या घरात कागद जिथे आहे तिथे बाईचे नाव त्यात असण्याची शक्यता श्रीमंताच्या घरापेक्षा कमी नाही.

या कागदांतल्या वयांवर मात्र सरसकट विश्वास टाकू नये. मराठवाड्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिली, आणि पिढीच्या पिढी त्या एका दिवशी जन्मलेली दिसते. लग्नाच्या वयाचे तर आणखी निराळे. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, हैदराबाद संस्थानात तो लागू नव्हता. त्यामुळे १९४८ पूर्वीच्या राजूरमधल्या लग्नात वय दडवण्याचे कारणच नव्हते. १९७८ मध्ये मुलीचे किमान वय १८ आणि मुलाचे २१ झाले, त्यानंतरच्या कागदांत वय कायद्याकडे झुकलेले असण्याचा संभव वाढतो. कोयत्याची जोडी जमावी म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लावलेली, ज्यांना लोक गेटकेन लग्न म्हणतात ती लग्ने याच संशयाच्या कक्षेत येतात. अशा वेळी पहिल्या मुलाच्या जन्माची नोंद, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि माहेरच्या भावंडांचा क्रम ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय लग्नाचे साल लिहू नये.

तिसरा आक्षेप असा की माहेरच्या वाटेने जायचे म्हणजे शेवटी म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींवर विसंबायचे, आणि आठवण फसवी असते. आकड्यांच्या बाबतीत ती फसवी आहेच. आजीला स्वतःचे वय सांगता येत नाही. पण तिला विचारावे की थोरला रझाकारांच्या वेळी पोटात होता की अंगणात खेळत होता, धाकटीचे लग्न बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, नातू किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी शाळेत होता का, तर ती अडखळत नाही. १९४८, १९७२ आणि ३० सप्टेंबर १९९३ या तीन खुणांच्या मध्ये मराठवाड्यातल्या बहुतेक घरांचा काळ बसवता येतो. शिवाय कोण कुणाची कोण आणि कुठे दिलेली, हे ज्ञान तिच्यासाठी रोजच्या व्यवहाराचे असते. कुणाकडे आहेर किती करायचा, कुणाच्या दहाव्याला जायचे, कुठे सोयरीक जमते आणि कुठे जमत नाही, हे सगळे त्यावर ठरते. जे ज्ञान सतत वापरात असते आणि ज्यात चूक झाली तर चारचौघांत कुणीतरी लगेच सुधारते, ते एकदाच लिहून बासनात बांधलेल्या वहीपेक्षा कमी भरवशाचे मानायला कारण नाही. अर्थात त्यावरच थांबू नये. आठवणीने गाव सांगावे आणि कागदाने ते पक्के करावे.

याच ठिकाणी एक अडचण नैतिकही आहे. माहेरच्या बाजूने गेले की सासरने झाकलेल्या गोष्टी उघड्या पडतात : पहिली बायको वारली नव्हती, टाकली होती, आजीचे हे दुसरे लग्न, पाट लावलेले, थोरला काका आधीच्या घरचा. विधवेचा पाट महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत शतकानुशतके मान्य होता. विसाव्या शतकात घराणी वरच्या जातींच्या चालीरीती उचलू लागली तेव्हा त्याची लाज वाटू लागली आणि वंशावळीतून तो पुसला गेला. इतिहास शोधणाऱ्याने तो पुन्हा लिहावा, कारण तो वगळला तर मुलांची वये, जमिनीचे वाटे, भावकीतली भांडणे यांतले काहीच नीट लागत नाही. मात्र जिवंत माणसांविषयी जे कळले ते त्यांना विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. शोधणाऱ्याला जाणून घेण्याचा हक्क आहे, जाहीर करण्याचा हक्क त्यातून आपोआप येत नाही.

पुढच्या पिढ्यांचे काम थोडे सोपे होणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला. आईचे नाव आले ही मोठी गोष्ट आहे, पण तिच्या माहेरचे गाव त्यात नाही, तिच्या बापाचे नाव नाही. त्यातच १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद मूल जिथे जन्मले तिथल्या निबंधकाकडे होते. ऊसतोडीच्या हंगामात राजूरच्या जोडप्याला बेळगाव किंवा सांगलीच्या दवाखान्यात मूल झाले तर राजूरच्या ग्रामपंचायतीत त्याची जन्मनोंद मिळणार नाही. ती तिकडेच मागावी लागेल, आणि मागताना नुसत्या दाखल्यावर न थांबता नोंदणीच्या मूळ नमुन्याची नक्कल मागावी, कारण आई-वडिलांचा कायमचा पत्ता त्या नमुन्यात लिहिलेला असतो.